फायनल फॅन्टसीतला आवडता भाग ठरवायचा कसा? माझा पाचवा, आणि त्यामागचं कारण

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फायनल फॅन्टसी या जपानी व्हिडिओ गेम मालिकेचे क्रमांकाचे सोळा भाग आहेत, त्यातले नऊ-दहा खेळून झालेत. नववा भाग मनात घर करून बसलाय, पण ‘का?’ असं कुणी विचारलं की उत्तर सापडत नाही. जो तो सातव्याचं नाहीतर सहाव्याचं नाव घेतो. कुणी म्हणतं, पहिल्यांदा खेळलात तोच भाग कायम आवडता राहणार, त्यात निवड कसली? मग आवडता भाग ठरवायचा कशाच्या जोरावर?

मी गेली पंधरा वर्षं गेममधल्या लढाया रचण्याचं काम करते. म्हणजे कुठला शत्रू किती वेळात पडला पाहिजे, कुठल्या पात्राच्या हाती काय द्यायचं, खेळणाऱ्याला विचार करायला कुठे थांबवायचं, हे ठरवणं. त्याच्याही कितीतरी आधीपासून ही मालिका खेळते आहे. माझा आवडता भाग पाचवा. कारणं पुढे सविस्तर सांगते, कारण त्यातच तुमच्या नवव्याचं उत्तर आहे असं मला वाटतं. एक सूचना: पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्या आणि दहाव्या भागातल्या मोठ्या घटना मी इथे उघड करणार आहे. खेळायचे राहिले असतील तर आधी खेळून या.

‘पहिला तोच आवडता’ हे आधी निकालात काढू. यात तथ्य आहे, पण अर्धंच. पहिला भाग १९८७ च्या डिसेंबरमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर आला. त्यानंतरचे बरेच भाग तेव्हा जपानबाहेर पोचलेच नाहीत. चौथा अमेरिकेत ‘दुसरा’ म्हणून विकला गेला आणि सहावा ‘तिसरा’ म्हणून. १९९७ मध्ये सातवा आला तेव्हा तिथल्या लोकांच्या दृष्टीने मालिकेने तिसऱ्यावरून थेट सातव्यावर उडी मारली होती. पाचवा १९९२ चा, पण इंग्रजीत अधिकृतपणे आला १९९९ मध्ये, प्लेस्टेशनवर. म्हणजे एका अख्ख्या पिढीचा ‘पहिला’ कुठला हे बाजाराने ठरवलं, त्यांनी नाही. सातव्याचं नाव इतक्यांदा ऐकू येतं त्यात या योगायोगाचा मोठा वाटा आहे. पण पहिल्या भागाचं प्रेम आणि आवडता भाग यात एक फरक असतो, आणि तो ओळखायला मी एक साधी चाचणी वापरते.

डोळे मिटा आणि त्या भागातला सगळ्यात ठळक क्षण आठवा. आता स्वतःला विचारा: हा क्षण मी पाहिला होता, की केला होता?

सातव्यातल्या एरिथ या नायिकेचा मृत्यू बहुतेकांनी पाहिलेला असतो. खलनायक सेफिरॉथ वरून उतरतो, तलवार आरपार जाते, पांढरा मटेरिया, म्हणजे जादूचा गोळा, पायऱ्यांवरून टपटप उड्या मारत पाण्यात पडतो. दृश्य अप्रतिम आहे, तेव्हा मीही रडले होते. पण त्या वेळी माझे हात कंट्रोलरवर नुसते पडून होते. याउलट दहाव्या भागाचा शेवट बघा. संपूर्ण गेमभर नायिका युना ज्या एऑनना, म्हणजे मदतीला येणाऱ्या जादुई प्राण्यांना, बोलावत आलेली असते, ज्यांना मिळवताना तुम्ही स्वतः नावं दिलेली असतात, त्या एकेकाला शेवटी तुम्हालाच बोलवायचं असतं आणि तुम्हालाच मारायचं असतं. त्या लढाईत हरणं शक्यच नसतं, कारण तुमची माणसं पडली तरी आपोआप उठतात. पहिल्यांदा मला हे डिझायनरचं चुकलेलं गणित वाटलं. नंतर लक्षात आलं, इथे कस जिंकण्याचा लागतच नाही. प्रत्येक वेळी यादीतून नाव निवडताना बोट अडखळतं, बस्स, तेवढंच त्यांना हवं होतं. २००१ च्या त्या गेममध्ये पात्रांना पहिल्यांदाच आवाज मिळाले, त्याबद्दल खूप लिहिलं गेलं. माझ्यासाठी मात्र तो मेनूच जास्त बोलका आहे.

सहाव्यातलं उदाहरण आणखी शांत आहे. जग उद्ध्वस्त झाल्यानंतर सेलेस ही नायिका एका निर्जन बेटावर जागी होते. सोबत फक्त सिड हा आजारी शास्त्रज्ञ. त्याला खायला मासे हवेत. किनाऱ्यावर जायचं, पाण्यात फिरणारे मासे हाताने पकडायचे आणि आणून भरवायचे. चपळ मासा चांगला, संथ मासा वाईट, पण हे कुणी सांगत नाही. सिडची तब्येत एका अदृश्य आकड्यावर चालते आणि तुम्ही नुसते उभे राहिलात तरी तो आकडा घटत जातो. पहिल्या वेळी मी हाताला लागेल तो मासा, म्हणजे अर्थातच संथ मासा, भरवत राहिले आणि सिड गेला. मग सेलेस जीव द्यायला कड्यावर जाते. ते दृश्य कुठल्याही चित्रफितीशिवाय, सोळा बिटच्या ठिपक्यांत आहे, आणि तरी ते माझ्या अंगावर आलं, कारण मासे मी आणले होते. पुढे कळलं की सिडला वाचवताही येतं. त्या दिवशी मी तो भाग परत सुरू केला.

एवढं असूनही सहावा माझा आवडता का नाही? कारण त्याची व्यवस्था अर्ध्या वाटेत स्वतःलाच विसरते. खेळायला येणाऱ्या चौदा पात्रांपैकी प्रत्येकाचा हात सुरुवातीला वेगळा असतो. साबिनच्या चालींसाठी मारामारीच्या गेमसारखी बटणं दाबावी लागतात, एडगरकडे अवजारं आहेत, सेट्झर जुगाराच्या चकत्या फिरवतो, सायनच्या तलवारीसाठी आकडा वर चढेपर्यंत थांबावं लागतं. मग एस्पर नावाचे जादुई जीव येतात आणि जवळजवळ सगळ्यांना सगळी जादू शिकवतात. शेवटी लढणारे चौघेही अल्टिमा ही एकच महाजादू फेकत बसतात. ज्या माणसांवर कथेने इतका जीव लावला, ती लढाईत एकसारखी होऊन जातात, हे मला दर वेळी खटकतं.

आता पाचवा.

पाचव्याची कथा साधी आहे, हे आधीच मान्य करते. बार्ट्झ हा भटक्या, लेना राजकन्या, फॅरिस समुद्री चाच्यांची म्होरक्या आणि गॅलफ हा स्मृती गेलेला म्हातारा. चार स्फटिक आहेत आणि ते फुटत चाललेत. एक्सडेथ हा खलनायक सहाव्यातल्या केफ्का किंवा सातव्यातल्या सेफिरॉथच्या पासंगालाही पुरत नाही. प्लेस्टेशनवरच्या पहिल्या इंग्रजी भाषांतराने तर कहर केला होता. वायव्हर्न या प्राण्याचं नाव तिथे ‘वाय बर्न’ असं छापून आलं. मी तोच अवतार आधी खेळले, आणि त्यातूनही हा गेम मला भिडला. म्हणजे जे भिडलं ते शब्दांत नव्हतं.

ते जॉबमध्ये, म्हणजे पात्रांना देता येणाऱ्या पेशांमध्ये होतं. मूळ सुपर फॅमिकॉम आवृत्तीत बावीस जॉब आहेत: नाइट, माँक, चोर, निन्जा, सामुराई, पांढरा जादूगार, काळा, निळा, लाल, काळावर हुकूम चालवणारा टाइम मेज, शाहीर म्हणता येईल असा बार्ड, रसायनं मिसळणारा केमिस्ट वगैरे. कुणालाही कुठलाही जॉब केव्हाही देता येतो. लढाईतून एबीपी नावाचे गुण मिळतात, त्यांनी जॉबची लेव्हल वाढते आणि त्या जॉबची कौशल्यं कायमची शिकून होतात. मग दुसऱ्या जॉबमध्ये असतानाही आधी शिकलेलं एखादं कौशल्य सोबत नेता येतं. बहुतेक जॉबमध्ये त्यासाठी जागा एकच. त्या एका जागेत काय ठेवायचं, यावर या गेमची सगळी मजा उभी आहे.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की जॉब मिळतात ते स्फटिक फुटल्यावर. वाऱ्याचा स्फटिक फुटतो आणि त्याच्या तुकड्यांतून पहिले सहा जॉब येतात. जग दर टप्प्याला गरीब होत जातं, वारा थांबतो, पाणी सडायला लागतं, आणि तुमची पोतडी मात्र भरत जाते. त्या तुकड्यांमध्ये जुन्या योद्ध्यांचं सत्त्व उतरलेलं आहे असं कथा सांगते. म्हणजे तुम्ही मेनूत निन्जा निवडता तेव्हा कुणाचा तरी वारसा अंगावर चढवता. हे कुणी भाषण देऊन ठसवत नाही.

जॉब लढाईबाहेरही कामाला येतात, ही बारीक गोष्ट आहे पण फार महत्त्वाची. चोर सोबत असला की लपलेल्या वाटा दिसतात आणि मूळ आवृत्तीत पळताही येतं. जिओमान्सर असला की जमिनीतले खड्डे कळतात. कार्नाकचा किल्ला स्फोटात उडणार असतो आणि तुमच्याकडे दहा मिनिटं असतात. घड्याळ कोपऱ्यात उलटं चालू, आणि वाटेत खजिन्याच्या पेट्या खुणावतायत, त्यातल्या काहींत राक्षस बसलेले. मी त्या वेळी बार्ट्झला चोर केलं होतं, निव्वळ धावता यावं म्हणून. लढायला तो कच्चा, त्यामुळे पेटीतला प्रत्येक राक्षस महागात पडायचा. कधी वेळ वाचवायचा आणि कधी ताकद ठेवायची, हा हिशेब माझा मी केला होता. त्या किल्ल्यातून बाहेर पडले तेव्हा एक मिनिटही उरलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी मला आधीचा संवाद आठवत नाही, पण तो हिशेब आठवतो.

निळा जादूगार तर या गेमचा आत्मा आहे. तो जादू विकत घेत नाही, शत्रूकडून शिकतो. त्याची ‘लेव्हल ५ डेथ’ नावाची चाल आहे: ज्या शत्रूची लेव्हल पाचने भागली जाते तो तिथल्या तिथे मरतो, बाकीच्यांना काही होत नाही. आता शत्रूची लेव्हल एकतीस असेल तर? मग ‘डार्क स्पार्क’ टाकायची, तिने लेव्हल निम्मी होते. एकतीसची पंधरा. पंधराला पाचने भाग जातो. हे मला जेव्हा सुचलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते. हे कुठल्याही गावातला कुणीही माणूस सांगत नाही. गेमने फक्त दोन अवजारं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली आणि मी ती जोडीन असा विश्वास ठेवला. माझ्या कामात मी हा विश्वास रोज आठवते.

शेवटाकडे ओमेगा भेटतो. शिनर्यू आणि ओमेगा हे मालिकेतले पहिले ऐच्छिक महाबॉस. त्यांच्याशी लढलंच पाहिजे असं नाही. शिनर्यू एका पेटीत बसलेला असतो आणि पेटी उघडताच लाटेने सगळ्यांना झोपवतो, पण पाणी शोषणाऱ्या पोवळ्याच्या अंगठ्या चौघांच्या बोटांत असल्या तर तीच लाट त्यांना बरं करते. ओमेगा भयंकर चपळ, कवच जाड, पण विजेला कच्चा. त्याच्यापायी माझे कित्येक दिवस गेले. अखेर जुळणी अशी निघाली: निन्जाकडून दोन्ही हातांत शस्त्र, रेंजरकडून एका वेळी चार वार, मिस्टिक नाइटकडून तलवारीवर वीज. चार वार दोन हातांनी म्हणजे आठ, प्रत्येकात वीज, आणि हे वार कवचाला मोजतच नाहीत. तीन वेगळ्या जॉबमध्ये घालवलेले कित्येक तास एका ओळीच्या हुकमात उतरले. ही जुळणी नंतर पाहिलं तर जगभर प्रसिद्ध आहे, पण म्हणून ती माझी कमी होत नाही.

रचना किती मजबूत आहे याचा पुरावा म्हणजे ‘फोर जॉब फिएस्टा’. दरवर्षी होणाऱ्या या उपक्रमात प्रत्येकाला चार जॉब चिठ्ठी काढल्यासारखे वाट्याला येतात आणि तेवढ्यांवरच गेम संपवायचा असतो, सोबत धर्मादाय निधीही उभा राहतो. वाट्याला आलेल्यात हुकूम न ऐकणारा बर्सर्कर निघाला तरी गेम संपवता येतो. इतक्या विचित्र जुळण्या झेलणारी व्यवस्था बांधणं किती कठीण असतं, हे मी पोटतिडकीने सांगू शकते.

आणि मग गॅलफ. मी या भागाला कथेत साधा म्हटलं, पण एक प्रसंग त्याला अपवाद आहे. मूरच्या जंगलात बाकीचे तिघे एक्सडेथच्या तडाख्यात सापडतात. गॅलफची नात क्रिल मदतीला धावते आणि तीही आगीच्या वेढ्यात अडकते. म्हातारा एकटा पुढे जातो. लढाई सुरू होते, तुम्ही त्याचे हुकूम देताय, आणि त्याचा एचपी, म्हणजे उरलेल्या जीवाचा आकडा, शून्यावर येतो. शून्य म्हणजे माणूस पडणार, हा नियम तोवर शेकडो लढायांत हाडामांसी मुरलेला असतो. गॅलफ पडत नाही. त्याची पाळी येते, मेनू उघडतो, आणि तुम्ही हल्ला निवडता. पुन्हा मार बसतो, आकडा शून्यच, आणि पुन्हा त्याची पाळी. एक्सडेथ माघार घेईपर्यंत हे चालतं. नंतर बाकीचे धावत येतात, बरं करण्याचे मंत्र टाकतात, पडलेल्याला उठवणारं फिनिक्स डाउन वापरतात, जे तुम्ही स्वतः आजवर वापरत आलात तेच सगळं. काही चालत नाही.

सातव्यात एरिथ गेली की तिच्या अंगावरचा मटेरिया तुमच्याकडे परत येतो, पण तिच्यावर घालवलेली मेहनत तिच्याबरोबर जाते. तो धक्काही खरा आहे. पाचव्यात उलटं होतं. गॅलफच्या जागी क्रिल येते आणि मेनू उघडून पाहिलं तर त्याची लेव्हल, त्याचे जॉब, त्याने शिकलेली प्रत्येक कला तिच्या नावापुढे उभी असते. आजोबांनी नातीला काय दिलं, हे आकड्यांच्या त्या तक्त्यात वाचता येतं. मी त्याला माँक केलं होतं, म्हणून ती मुलगी माझ्या गेममध्ये नुसत्या मुठींनी लढली. तुमच्या गेममध्ये ती वेगळी लढेल. स्पष्टच सांगते, पूर्ण मालिकेत मला याहून सुंदर काही सापडलेलं नाही.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. चौथ्यात हिरोयुकी इतो यांनी एटीबी आणली, म्हणजे ज्याचा वेळ आधी भरेल त्याची पाळी आधी, अशी लढाईची पद्धत. फॉर्म्युला वनच्या गाड्या वेगवेगळ्या वेगाने एकमेकींना मागे टाकताना पाहून ही कल्पना सुचली असं त्यांनी सांगितलं आहे. या कल्पनेवर मालिकेची पुढची दहा वर्षं चालली, त्याबद्दल आदर आहे, पण चौथ्यात कोण पार्टीत, म्हणजे लढणाऱ्या चमूत, असेल हे सगळं कथाच ठरवते. आठव्यात जादू म्हणजे साठा: ती जपून ठेवली तर ताकद वाढते, वापरली तर घटते. कल्पना धाडसी आहे. गार्डियन फोर्स नावाच्या ज्या शक्तींच्या जोरावर तुम्ही पहिल्या तासापासून लढता, त्या शक्तीच पात्रांच्या आठवणी खातात हे मधेच कळतं. तिथे ते नुसतं संवादात न ठेवता मेनूतही जाणवलं असतं, तर कदाचित मी आज आठव्याबद्दल लिहीत असते. बाराव्यातले गॅम्बिट, म्हणजे ‘असं झालं तर तसं कर’ या ओळी, मला फार आवडतात. फक्त २००६ च्या मूळ आवृत्तीत सगळ्यांसाठी एकच लायसन्स बोर्ड, म्हणजे कौशल्यं मिळवण्याचा तक्ता, होता आणि पुढे सहाही जण सारखे होऊन जायचे. २०१७ च्या झोडियाक एज या नव्या आवृत्तीत प्रत्येकासाठी दोन जॉब निवडायचे आले आणि ते दुखणं गेलं. अकरावा आणि चौदावा ऑनलाइन असल्याने मी या तुलनेत धरत नाही, तिथली ओढ सोबतच्या माणसांची असते. सोळावा, २०२३ चा, हाताला झकास लागतो. पण तो संपल्यावर मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावासा वाटला नाही.

आता तुमचा नववा. का आवडतो ते सांगता येत नाही म्हणता, तर एक धागा देते, तो स्वतः ताणून बघा. लोक नवव्याबद्दल बोलताना व्हिवी या छोट्या काळ्या जादूगाराच्या दुःखाबद्दल बोलतात, ब्लॅक मेज व्हिलेजमधल्या थडग्यांबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण स्टायनरचा मेनू आठवा. ताठ मानेचा, नियमांवर बोट ठेवणारा तो शिपाई या टोपीवाल्या घाबरट पोराला पहिल्यापासून आदराने ‘मास्टर व्हिवी’ म्हणतो. आणि त्याच्याकडे तलवार-जादू नावाचा हुकूम आहे. व्हिवीने शिकलेली आग किंवा वीज त्याच्या तलवारीवर चढते. व्हिवी पार्टीत नसेल तर हा हुकूम चालत नाही. लढता लढता व्हिवी पडला तरीही चालत नाही. ही मैत्री तुम्ही शेकडो लढायांत हातांनी चालवली असणार, कदाचित लक्षही न देता. व्हिवीला आधी उठवायची घाई तुम्हाला व्हायची का? फिनिक्स डाउन सगळ्यात आधी त्याच्यावरच खर्च व्हायचा का? जुना सेव्ह असेल तर उघडून एखादी लढाई खेळा, व्हिवीला पडू द्या आणि स्टायनरची पाळी आली की त्याच्या मेनूतली ती एक ओळ बघा.